ज्याचं कुलूप त्यानं काढायचं

कपडे धुवायला टाकण्याआधी मी प्रत्येकाचे खिसे उलटे करून बघते. आमच्या घरात यावरून माझी भरपूर टिंगल होते. "तू पोलीस खात्यात जायला हवी होतीस," असं हे म्हणतात. म्हणू देत. आजवर या खिशांतून मी स्क्रू काढलेत, वॉशर काढलेत, विरघळलेल्या गोळ्या काढल्यात आणि एकदा तर एक मेलेला टोळ.

त्या सकाळी माझ्या हातात होती ती माझ्या भावाची पँट. भाऊ म्हणजे बारक्या. डोक्यावरचे केस पिकायला लागले तरी बारक्याच. आदल्या संध्याकाळी तो परदेशातून, गोळीबारातून सुटून, अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्या दारात उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

"दाजी मागच्या विमानानं येतील गं," असं म्हणाला आणि जो झोपला तो मेल्यासारखा.

आपली सरकारी तेल कंपनी आणि तिकडच्या देशाची कंपनी मिळून तिथला गॅस काढतात. जमीन त्यांची, यंत्रं आपली, घाम दोघांचा. कंपनीच्या कॅलेंडरवर दोन्हीकडचे साहेब हातात हात घालून हसत असतात. हे तिथे पाइपलाइनचे फोरमन. बारक्या यांच्याच हाताखाली ग्राइंडर चालवतो. जाडजूड पाइपात गुडघ्यांवर रांगत जायचं आणि वेल्डिंगचा सांधा आतून घासून गुळगुळीत करायचा, हे त्याचं काम. सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्या देशात आपसातच बंदुका निघाल्या आणि कंपनीनं हुकूम काढला, सगळ्यांनी निघा.

सगळे निघाले. हे बसमध्ये चढले आणि परत उतरले.

हे मला सांगितलं क्रेनवाल्यानं. यांच्या बसमधला तो, आधीच्या विमानानं पोचला होता. बिचारा मुद्दाम घरी येऊन गेला. "वहिनी, फोरमनसाहेब म्हणाले, बोर्डावर एक कुलूप राहिलंय. आणि उतरले की हो. मी हाका मारतोय, पण ते आपले चाललेच." मला वाटलं, गोदामाचं कुलूप असणार. हा माणूस घरून निघताना दाराचं कुलूप तीन तीनदा ओढून बघतो. जिन्याखाली गेल्यावर परत वर येऊन ओढतो. मी क्रेनवाल्यासमोरच यांना चार शिव्या घातल्या. जग जळतंय आणि याला कुलपाची पडलीय! काल बारक्यालाही हे सांगत होते, पण तो तोवर अर्धा झोपेतच होता.

आणि आता बारक्याच्या पँटच्या आतल्या चोरखिशात एक किल्ली होती. लहानशी, पितळी, लाल प्लॅस्टिकच्या बिल्ल्यात अडकवलेली. बिल्ल्यावर बारक्याचा फोटो.

मला काही कळलं नाही. मी तशीच साबणाच्या हातानं आत गेले आणि त्याला गदागदा हलवलं.

"ही कसली रे किल्ली?"

त्यानं डोळे चोळले, किल्लीकडे बघितलं. आणि माझ्या भावाचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत भिंतीसारखा पांढरा झाला.

"ताई," तो म्हणाला, "दाजी बसमधून का उतरले म्हणालीस?"

"बोर्डावर एक कुलूप राहिलंय म्हणून."

त्यानं दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. मी हात धरले तरी मारतच होता. सासूबाई आतून विचारत होत्या, "आला का गं? आला का?" मी म्हटलं, "नाही आले, थांबा जरा." आणि बारक्याला दरडावलं, "आधी बोल. रड मग."

मग त्यानं सांगितलं ते असं.

पाइपात शिरण्याआधी प्रत्येक जण गॅसच्या व्हॉल्व्हला आपलं लाल कुलूप घालतो. तिथे एक बोर्ड असतो, त्याच्या कडीत सगळ्यांची कुलपं. एक कुलूप, एक किल्ली, एक माणूस. किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, सख्ख्या भावालाही द्यायची नाही. बाहेर आलं की आपलं कुलूप आपण काढायचं. एक जरी कुलूप लटकत असेल, तर व्हॉल्व्ह फिरत नाही. लटकतंय म्हणजे माणूस आत आहे. ते दुसऱ्यानं काढायचं नाही, फोरमननं नाही, मोठ्या साहेबानंही नाही. हे शिकवलं कुणी? यांनीच. पहिल्या दिवशी, कान धरून.

"मी आत होतो, ताई. फाडफाड आवाज आले. मी मागे वळलोच नाही, दुसरं तोंड जवळ होतं, तिकडून बाहेर पडलो. तिकडे त्यांच्या कंपनीचा ट्रक उभा होता. त्यांच्या पोरांनी मला ओढून आत टाकलं. व्हॉल्व्हपाशी मी परत गेलोच नाही."

"म्हणजे तुझ्या दाजींनी तुला आत जाताना बघितलं."

"हो."

"बाहेर येताना नाही बघितलं."

त्यानं पांघरुणात तोंड खुपसलं.

मी त्याच्या अंथरुणावर बसले. म्हणजे माझा नवरा तिकडे, बंदुकांच्या देशात, रिकाम्या पाइपाच्या तोंडाशी बसून माझ्या भावाला हाका मारतोय. आणि माझा भाऊ इकडे माझ्या गादीवर घोरतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना, तो हा. फक्त या वळशात माणूस मरतो.

"ऊठ," मी म्हटलं. "चप्पल घाल."

सासूबाईंना शेजारणीच्या हवाली केलं, खुंटीवरची पर्स ओढली, सवयीनं किल्लीसकट कुलूपही उचललं आणि जिन्यात लक्षात आलं की घरात माणूस आहे, कुलूप कशाला? टाकलं पर्समध्ये. टॅक्सीत बारक्या सारखा एकच वाक्य पुटपुटत होता. "आत कुणी नाही. कुलूप तोडा." मी म्हटलं, बरोबर, एवढंच पोचवायचंय. एवढं एक वाक्य. एवढी मोठी कंपनी, समुद्रातून तेल काढते, हिला एक वाक्य पोचवता येणार नाही का?

कंपनीची इमारत काचेची. मोठ्या दाराला माणसाच्या उंचीचे दोन पितळी दांडे, शेजारी शेजारी, चकचकीत पुसलेले. आत गारवा, भिंतभर जगाचा नकाशा आणि जिथे जिथे कंपनीचे प्रकल्प आहेत तिथे तिथे छोटे दिवे. तिकडच्या देशाचा दिवा विझवलेला होता.

आम्हाला तासन् तास ताटकळत ठेवून मग कामगार कल्याण बघणाऱ्या साहेबांपुढे बसवलं. माणूस गोड होता. अशा वेळी गोड माणसाचाच जास्त राग येतो. त्यानं पाणी दिलं, चहा मागवला आणि म्हणाला, "ताई, आमचे सगळे प्रयत्न चालू आहेत."

"एकच प्रयत्न करा. त्यांना सांगा, आत कुणी नाही."

"तिथे फोन लावायचं कारणच उरलेलं नाही हो. साइट रिकामी झाल्याची नोंद आहे."

"माझा नवरा तिथे आहे!"

त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं, घसा खाकरला. "त्यांच्या नावापुढे, म्हणजे, असं आहे की, 'स्वेच्छेने मागे राहिले'."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "स्वेच्छेने?" मी उभी राहिले. "अहो, तुमच्या बोर्डावर तुमचं कुलूप, तुमचा नियम! तो माणूस तुमचा नियम पाळत बसलाय तिथे मरणाच्या दारात, आणि तुम्ही लिहिता स्वेच्छेने? हौसेनं राहिलाय का तो? सहलीला गेलाय?"

सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. बारक्या माझा पदर ओढत होता. चहा माझ्या हाताला लागून सांडला आणि साहेब आपली कागदं उचलायला लागले. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून एक बाई आल्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कसलं कुलूप?"

मी किल्ली त्यांच्या पुढ्यात धरली. त्यांनी बिल्ला बघितला, बारक्याचं तोंड बघितलं, आणि पुढचं मला काही सांगावंच लागलं नाही. त्या कंपनीच्या सेफ्टीच्या प्रमुख होत्या.

"चला," त्या म्हणाल्या. "वर चला. पळा."

वरच्या खोलीत पडदेच पडदे, आणि कोपऱ्यात तो एक फोन, उपग्रहावरून लागणारा. सेफ्टीवाल्या मॅडमनी स्पीकर चालू करून नंबर फिरवला. नुसती खरखर. परत फिरवला. परत खरखर. मी मनातल्या मनात, आठवतील तेवढ्या देवांना वेठीला धरलं. आठवत नव्हते त्यांनाही धरलं. आणि मग कुणीतरी बोललं.

बारक्या ओरडला, "काका!"

तो तिकडच्या कंपनीचा म्हातारा व्हॉल्व्हवाला होता. तो आणि बारक्या साइटवरच्या खिचडी भाषेत बोलतात, आम्हा कुणाला कळत नाही असल्या. बारक्या ऐकायचा आणि आम्हाला सांगायचा.

"मी बोलतोय म्हटल्यावर तो रडायला लागला, ताई. म्हणतो, तू मेलास असं धरून आम्ही बसलोय."

"हे कुठे आहेत ते विचार!"

बारक्यानं विचारलं. उत्तर ऐकता ऐकता त्याचा आवाज बसला. "दाजी आत आहेत. पाइपात. मला शोधायला. स्वतःचं कुलूप लावून गेलेत, आता बोर्डावर दोन लटकताहेत. गावाची वीज याच गॅसवर, ती बंद आहे, दवाखाना अंधारात आहे, लोक येऊन काकाला शिव्या देतात, गॅस सोड म्हणतात. कटर घेऊन आले होते. काका व्हॉल्व्हला पाठ लावून बसलाय. म्हणतो, फोरमन आत असताना मी हात लावू देणार नाही. पण ताई, पंख्याचं डिझेल संपलंय. आत हवा नाही. दाजी कमरेला दोर बांधून जातात, डोकं गरगरायला लागलं की परत येतात, परत जातात. दुसऱ्या तोंडाला जाता येत नाही, तिकडे गोळीबार आहे."

"त्याला सांग, दोर ओढ म्हणावं! सांग, तू इथे आहेस!"

मॅडमनी फोनवर हात ठेवला. "थांबा. आधी याचं कुलूप. ज्याचं कुलूप त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय ते तोडता येत नाही. नंबर सांग, नाव सांग, आणि बाहेर आहेस ते सांग."

आणि त्या क्षणी माझ्या भावाचा कंठ फुटेना. तोंड उघडायचा, बंद करायचा. माझा संताप असा उसळला की मी त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. लहानपणी घास अडकला की घालायचे, तसाच.

"बोल ना, मेल्या!"

तो बोलला. नंबर, नाव, "मी बाहेर आहे. आत कुणी नाही. माझं कुलूप तोडा." मराठीत बोलला आधी, मग त्यांच्या भाषेत.

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि मग लांबून ठण ठण ठण. म्हातारा पाइपावर हातोडा मारत होता. आत असलेल्या माणसाला बोलावायची ती खूण. आम्ही ऐकत राहिलो. ठण ठण ठण. मग काहीच नाही. परत ठण ठण ठण. मी बारक्याचा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर माझी पाची बोटं उठली होती. मला एवढंच वाटत होतं, आतून एक ठोका येऊ दे, बाकी मला आयुष्यात काही नको. खोटं होतं ते. मला सगळं हवं होतं. तो माणूस हवा होता, त्याच्या त्या कुलूप ओढायच्या सवयीसकट.

किती वेळ गेला कोण जाणे. मग फोन कुणीतरी उचलला आणि नुसती धाप ऐकू आली.

"दाजी?" बारक्या म्हणाला.

"बारक्या?" यांचा आवाज होता. घोगरा, मातकट, पण यांचाच. "कुठे आहेस?"

"घरी."

मग हे म्हणाले, "कुणाच्या घरी?"

"आपल्या. ताईकडे."

"जेवलास?"

बारक्यानं फोन माझ्या हातात दिला आणि खाली बसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला.

"अहो," मी म्हटलं. "ऐका. निघा. आत्ताच्या आत्ता निघा."

"निघतो गं. त्याचं कुलूप तोडायला लावतो, माझं काढतो, काकाच्या ताब्यात व्हॉल्व्ह देतो. यांचं गाव अंधारात आहे आमच्यामुळे."

"राहू दे ते कुलूपबिलूप!"

"असं कसं राहू दे?" सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. मग नेहमीच्या आवाजात हे म्हणाले, "घराला नीट कुलूप लावलंस ना?"

कुलूप माझ्या पर्समध्ये होतं. "लावलंय," मी म्हटलं. "तीनदा ओढून बघितलंय."

हसल्यासारखा काहीतरी आवाज आला, आणि फोन कट झाला.

मॅडम तोवर दुसऱ्या फोनवर होत्या. त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला कळलं की आगीतून निघून आम्ही फुफाट्यात पडलोय. "शेवटचं विमान धावपट्टीवर उभं आहे," त्या म्हणाल्या. "तिकडे अंधार पडायच्या आत सुटणार. साइटवरून धावपट्टीपर्यंत जीपला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ नाहीये. उद्यापासून ती धावपट्टी बंद."

"मग थांबवा ना विमान!"

"मला तो अधिकार नाही. मोठ्या साहेबांनी सांगितलं तरच थांबेल." त्या बोलत बोलतच साहेबांच्या खोलीकडे धावत होत्या. मी मागे. दाराबाहेर बसलेल्या सेक्रेटरीनं मान वर न करता सांगितलं, "साहेब आत्ताच निघाले. विषय उद्याच्या बैठकीत घेऊ."

उद्याच्या बैठकीत. वरातीमागून घोडं!

लिफ्टचा आकडा खाली खाली चालला होता. मी जिना धरला. आयुष्यात इतकी कधी धावले नव्हते. चप्पल तुटली, ती जिन्यातच टाकली. खाली पोचले तेव्हा लिफ्टचं दार उघडत होतं, पोर्चमध्ये साहेबांची गाडी चालू होती, आणि ऑफिस सुटायची वेळ म्हणून माणसांची रीघ दाराकडे निघाली होती.

मी पुढून त्यांच्यासमोर गेले असते, हात जोडले असते, तर दोघा सुरक्षा रक्षकांनी मला बाजूला केलं असतं, आणि साहेब "बघतो" म्हणून गाडीत बसले असते. एवढं मला कळत होतं. हात जोडून काय मिळतं ते मी सकाळपासून बघत होते.

मी दाराशी गेले. पर्समधून आमच्या घराचं कुलूप काढलं, ते दोन पितळी दांडे जिथे जवळ येतात तिथे अडकवलं आणि दाबलं. खट. मग तीनदा ओढून बघितलं.

एकदम गलका झाला. "ओ बाई!" "काय चाललंय?" "कोण आहे ही?" सुरक्षा रक्षक धावला. मी त्या कुलपाची किल्ली मुठीत धरली आणि मूठ छातीशी.

मोठे साहेब पुढे आले. पांढरे केस, उंची बूट, कॅलेंडरवर असतो तोच चेहरा, फक्त हसू नव्हतं. "हे कुणाचं कुलूप आहे?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हटलं. "कुलूप लटकतंय म्हणजे माणूस आत आहे. तुमचाच नियम आहे साहेब. माझा नवरा तिकडे आत आहे. तुमच्या विमानाला थांबायला सांगा. तो बाहेर आला की मी काढते."

"कटर आणा," कल्याणवाले साहेब मागून म्हणाले.

सेफ्टीवाल्या मॅडम जिन्यावरून उतरत होत्या, धापा टाकत, एका हातात फोन. "कुणी हात लावायचा नाही," त्या ओरडल्या. "ज्याचं कुलूप त्यानं काढायचं." आणि येऊन माझ्या शेजारी, दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. फोन त्यांनी साहेबांसमोर धरला. "धावपट्टी लाइनवर आहे, सर. तुमचा एक शब्द हवाय."

मागच्या जिन्यानंही बाहेर जाता येतं. काही जण तिकडून गुपचूप सटकले. सटकू देत. साहेबही गेले असते. ते फोनकडे बघत होते, मग माझ्या अनवाणी पायांकडे, मग माझ्या मागच्या कुलपाकडे.

गर्दीतून कल्याणवाले साहेब अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो ताई, असं काय करता? आम्हाला घरी जायचंय."

"त्यालाही जायचंय," मी म्हटलं.

साहेबांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"थांबा," ते फोनमध्ये म्हणाले. "आमचा एक माणूस अजून आत आहे."

मग ते माझ्याकडे वळले. कुलूप काढाल आता, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी मान हलवली. जीप अजून निघायची होती, रस्त्यात काय असेल कोण सांगावं. मी दाराला टेकून खाली फरशीवर बसले. बारक्या येऊन माझ्या शेजारी बसला. किल्ली माझ्या मुठीत होती.